आइस हॉकी, महाविद्यालयीन महिलांची : प्रशिक्षकवर्ग

उत्तर अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या महिला आइस हॉकी संघांची निवड, शिक्षण आणि सामन्यांतील संचालन ज्यांच्याकडे असते, असा मुख्य व साहाय्यक प्रशिक्षकांचा वर्ग. तो प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या दोन देशांत आढळतो. आजच्या स्वरूपातील हा वर्ग गेल्या सुमारे साठ वर्षांत घडला. हौशी मदतनीस ते पूर्णवेळ व्यावसायिक ही त्याची वाटचाल म्हणजे उच्च शिक्षणातील स्त्रियांच्या समान संधीच्या इतिहासाचाच एक भाग होय. खेळण्याचा हक्क स्त्रियांना कायद्याने मिळाला. परंतु शिकविण्याचे व नेतृत्वाचे स्थान त्यांना त्याच वेगाने मिळाले नाही, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

खेळाचे स्वरूप व प्रशिक्षकाचे महत्त्व : भारतात परिचित असलेल्या मैदानी हॉकीहून हा खेळ पुष्कळच भिन्न आहे. तो बर्फाच्या पृष्ठावर, स्केट घालून आणि पक नावाच्या रबरी चकतीने खेळतात. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू एका वेळी क्रीडांगणात असतात. सामन्याचे प्रत्येकी वीस मिनिटांचे तीन भाग असतात. खेळाची गती एवढी असते, की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळल्यानंतर खेळाडूला विश्रांती द्यावी लागते. खेळ चालू असतानाच एक तुकडी बाहेर येते व दुसरी आत जाते. कोणती तुकडी केव्हा पाठवावयाची, प्रतिपक्षाच्या कोणत्या तुकडीसमोर ती उभी करावयाची आणि शिक्षेमुळे एक खेळाडू कमी झाल्यास कोणती मांडणी करावयाची, हे सर्व निर्णय बाकामागे उभे असलेले प्रशिक्षक क्षणाक्षणाला घेत असतात. महिलांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला शरीराने धडक देऊन अडविण्यास मनाई आहे. त्यामुळे स्केटिंग, चकतीवरील ताबा व परस्परांकडे चकती देण्याचे कौशल्य यांस त्यात अधिक वाव मिळतो आणि प्रशिक्षणाची दिशाही त्यानुसार ठरते.

पूर्वपीठिका : बंदिस्त क्रीडांगणात पूर्वनियोजित स्वरूपाचा आइस हॉकीचा पहिला सामना माँट्रिऑल येथे ३ मार्च १८७५ रोजी झाला, असे सामान्यपणे मानले जाते. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांची कन्या इझाबेल ही १८९० च्या सुमारास ओटावा येथील शासकीय निवासस्थानाच्या आवारात हा खेळ खेळत असे. त्याच दशकात क्वीन्स व मॅगिल या विद्यापीठांतील विद्यार्थिनींनी आपले संघ उभे केले. या संघांना वेतनी प्रशिक्षक नव्हते. एखादा हितचिंतक, कोणा खेळाडूचा भाऊ अथवा पुरुषांच्या संघातील विद्यार्थी सवडीने मार्गदर्शन करी. पहिल्या महायुद्धानंतर कॅनडात महिलांच्या खेळाला बहर आला. आँटॅरिओ प्रांतातील प्रेस्टन रिव्ह्युलेट्स हा संघ १९३०–४० या दशकात विशेष गाजला. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही परंपरा खंडित झाली आणि पुढील सुमारे दोन दशके महिलांचा खेळ जवळजवळ लोपल्यासारखा झाला. या खंडामुळे अनुभवी खेळाडूंची जी पिढी पुढे प्रशिक्षक झाली असती, ती निर्माणच झाली नाही. १९६० नंतर महाविद्यालयांत खेळाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा विद्यार्थिनींना शिकविण्यास स्त्रिया उपलब्ध नव्हत्या. त्याचे मूळ येथे आहे.

पहिले संघ : अमेरिकेतील महाविद्यालयीन महिलांचा पहिला आइस हॉकी संघ १९६४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे, ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक या महिला महाविद्यालयात स्थापन झाला. ‘पेम्ब्रोक पँडाज’ या नावाने तो ओळखला जाई. पुरुष संघाचे प्रशिक्षक जेम्स फुलर्टन यांचा त्याला पाठिंबा होता. नॅन्सी शेफेलिन ही विद्यार्थिनी १९६५ मध्ये शिरस्त्राण व संपूर्ण पोशाख चढवून, ओळख लपवून पुरुषांच्या सरावात उतरली होती. चांगले शिक्षण व बर्फावरील वेळ या दोन्ही गोष्टी त्या काळी पुरुषांच्या सरावातच मिळत असल्याचे या प्रसंगावरून दिसते.

विद्यार्थिनींच्या क्लबांना बर्फ मिळे तो पहाटे वा रात्री उशिरा. पोशाख बहुधा पुरुष संघाने टाकून दिलेले असत आणि प्रवासाचा खर्च खेळाडू वर्गणीने भागवीत. प्रशिक्षक म्हणून पुरुष संघातील माजी खेळाडू, पदव्युत्तर विद्यार्थी किंवा प्राध्यापक काम करीत. त्यांना मानधन अल्प असे किंवा नसेच. तथापि खेळ वाढत गेला. आयव्ही लीग विद्यापीठांतील महिला संघांची पहिली स्पर्धा १९७६ मध्ये झाली; तीत ब्राउन, कॉर्नेल, प्रिन्स्टन व येल हे चार संघ उतरले होते. कॉर्नेलने ती स्पर्धा १९७६ पासून १९८१ पर्यंत सलग सहा वेळा जिंकली.

न्यू हँपशर विद्यापीठाचा संघ १९७७ मध्ये उभा राहिला. त्याचे प्रशिक्षक रस मकर्डी यांनी १९९२ पर्यंतच्या पंधरा हंगामांत २६४ विजय मिळविले. याच काळात संघाला पराभव पत्करावे लागले ते केवळ ३६. पूर्वेकडील महाविद्यालयांच्या संघटनेने १९८४ पासून महिलांसाठी स्वतंत्र अजिंक्यपद सुरू केले. पहिली दोन अजिंक्यपदे प्रॉव्हिडन्स महाविद्यालयाने आणि त्यांनंतरची दोन न्यू हँपशरने मिळविली. या पहिल्या पर्वातील बहुतेक यशस्वी प्रशिक्षक पुरुषच होते. त्यांच्या कामाला प्रतिष्ठा व वेतन दोन्ही कमी असत. तरीही त्यांनी शिकविलेल्या मुलींमधूनच पुढील पर्वातील महिला प्रशिक्षक तयार झाल्या.

१९७२ चा कायदा व त्याचे परिणाम : अमेरिकेच्या शिक्षणविषयक दुरुस्ती अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी २३ जून १९७२ रोजी स्वाक्षरी केली. त्याच्या ‘टायटल नाइन’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या नवव्या भागान्वये, संघराज्य शासनाचे साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारावर भेदभाव करण्यास बंदी घालण्यात आली. प्रतिनिधिगृहातील एडिथ ग्रीन व पॅट्सी मिंक आणि सिनेटमधील बर्च बाय यांचा हा कायदा करण्यात मोठा वाटा होता. मूळ कायद्यात खेळांचा उल्लेख नव्हता. १९७५ मध्ये करण्यात आलेल्या नियमांत मात्र क्रीडाविषयक समानतेचे निकष सांगितले गेले. पोशाख, सामन्यांच्या वेळा, प्रवास इत्यादींबरोबर प्रशिक्षण मिळण्याची संधी आणि प्रशिक्षकांची नेमणूक व वेतन यांचाही त्यांत समावेश होता. प्रशिक्षक कोण असावा व त्याला किती वेतन मिळावे, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच कायद्याच्या कक्षेत आला.

या कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्यापूर्वी सर्व खेळांचा एकत्रित विचार करता महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. त्या बहुधा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका असत व दोन-तीन खेळांचे काम एकत्र पाहत. महिला संघांना अंदाजपत्रक मिळू लागले व प्रशिक्षकपद वेतनी झाले, तेव्हा पुरुष उमेदवार त्याकडे वळले. स्त्रियांचे व पुरुषांचे क्रीडाविभाग एकत्र करण्यात आले व त्यांची सूत्रे बहुधा पुरुष संचालकांच्या हाती गेली. ब्रुकलिन कॉलेजमधील अकॉस्टा व कार्पेंटर या अभ्यासिकांनी दीर्घकाळ केलेल्या पाहणीनुसार महिला संघांवरील स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण १९७८ मध्ये ५८.२ टक्के व २०१४ मध्ये ४३.४ टक्के होते. खेळाडू मुलींची संख्या अनेक पटींनी वाढत असताना त्यांच्या स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण असे निम्म्याहून खाली आले.

आइस हॉकीची स्थिती मात्र याहून थोडी वेगळी होती. या खेळात पुरुषांनी स्त्रियांना प्रशिक्षकपदावरून दूर केले असे म्हणता येत नाही, कारण त्या पदावर स्त्रिया आरंभी जवळजवळ नव्हत्याच. येथे प्रश्न होता तो पहिल्यांदा प्रवेश मिळविण्याचा.

कोलगेट खटला : कायदा झाला तरी त्याची अंमलबजावणी आपोआप झाली नाही. न्यूयॉर्क राज्यातील कोलगेट विद्यापीठात महिलांचा आइस हॉकी क्लब होता. त्याला अधिकृत संघाचा दर्जा मिळावा म्हणून विद्यार्थिनींनी १९७९, १९८३, १९८६ व १९८८ असे चार वेळा अर्ज केले. ते सर्व नाकारले गेले. १९९० मध्ये माजी खेळाडूंनी दावा दाखल केला. पुरुष संघावर १९९०–९१ या वर्षी सुमारे २,३८,००० डॉलर खर्च झाले, तर महिलांच्या क्लबला सुमारे ४,६०० डॉलर मिळाले, अशी माहिती न्यायालयापुढे आली. १९९२ मध्ये न्यायालयाने विद्यार्थिनींच्या बाजूने निकाल दिला. तथापि अपील चालू असताना फिर्यादी विद्यार्थिनींचे शिक्षण पूर्ण होणार असल्याने वरिष्ठ न्यायालयाने १९९३ मध्ये तो निकाल रद्द केला. यानंतर दुसऱ्या विद्यार्थिनींनी नवा दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड होऊन १९९७–९८ पासून संघाला अधिकृत दर्जा देण्यात आला. पहिल्या अर्जापासून या दर्जापर्यंत अठरा वर्षे गेली. अधिकृत दर्जा म्हणजे केवळ नाव नव्हे. त्यामुळे संघाला वेतनी प्रशिक्षक, बर्फावरील निश्चित वेळ, वैद्यकीय साहाय्य व प्रवासखर्च मिळतो. क्लबला यांतील फारच थोडे मिळत असे.

महिला प्रशिक्षकांची पहिली पिढी : १९७० नंतरच्या संघांत खेळलेल्या स्त्रिया १९८० ते १९९५ या काळात प्रशिक्षक म्हणून पुढे आल्या. मार्गरेट ‘डिजिट’ मर्फी या कॉर्नेलमध्ये खेळलेल्या होत्या. त्या १९८९ मध्ये ब्राउनच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या व २०११ पर्यंत त्या पदावर राहिल्या; या काळात त्यांच्या संघाने तीनशेहून अधिक विजय मिळविले. प्रिन्स्टनच्या लॉरा हॅल्डर्सन यांनी १९८७ पासून मेन राज्यातील कोल्बी महाविद्यालयात आणि १९९६ पासून मिनेसोटा विद्यापीठात काम केले. कॅरन के यांनी १९९२ मध्ये न्यू हँपशर येथे मकर्डी यांच्यानंतर सूत्रे घेतली. मकर्डी यांच्याच हाताखाली न्यू हँपशरमध्ये खेळलेल्या केटी स्टोन १९९४ मध्ये हार्व्हर्डच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या.

जपानमधील नागानो येथे १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत महिलांची आइस हॉकी प्रथमच समाविष्ट झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाचा ३–१ असा पराभव केला. कॅनडाच्या त्या संघाच्या प्रशिक्षक शॅनन मिलर होत्या, तर अमेरिकेचे प्रशिक्षक बेन स्मिथ होते. या स्पर्धेनंतर अमेरिकेतील मध्य-पश्चिमेच्या मोठ्या विद्यापीठांनी महिला संघ स्थापन करण्याचा वेग वाढविला.

राष्ट्रीय अजिंक्यपद व प्रशिक्षक : महाविद्यालयीन महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९९८ मध्ये सुरू झाली. १९९८ मध्ये कॅरन के यांच्या न्यू हँपशरने, १९९९ मध्ये केटी स्टोन यांच्या हार्व्हर्डने आणि २००० मध्ये लॉरा हॅल्डर्सन यांच्या मिनेसोटाने ती जिंकली. २००१ पासून ही स्पर्धा राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेकडे (एनसीएए) आली. मिनेसोटा-ड्यूलूथ विद्यापीठाने शॅनन मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली २००१, २००२ व २००३ अशी पहिली तीन अजिंक्यपदे मिळविली. २००४ व २००५ ची अजिंक्यपदे हॅल्डर्सन यांच्या मिनेसोटाकडे गेली. म्हणजे आरंभीची आठही राष्ट्रीय अजिंक्यपदे स्त्री-प्रशिक्षक असलेल्या संघांनी जिंकली.

पुढे हे चित्र पालटले. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये सोव्हिएट संघावर मात करणाऱ्या अमेरिकन संघातील नामवंत खेळाडू मार्क जॉन्सन २००२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने २००६, २००७, २००९, २०११, २०१९, २०२१, २०२३ व २०२५ अशी आठ अजिंक्यपदे मिळविली. २००९–१० च्या हंगामात ते राष्ट्रीय महिला संघाकडे गेले असता ट्रेसी डीकायझर यांनी विस्कॉन्सिनचे काम हंगामी प्रमुख म्हणून पाहिले. मिनेसोटात हॅल्डर्सन यांच्या जागी २००७ मध्ये ब्रॅड फ्रॉस्ट आले. त्यांच्या संघाने २०१२, २०१३, २०१५ व २०१६ ची अजिंक्यपदे जिंकली. २०१२–१३ च्या हंगामात त्या संघाने सर्वच्या सर्व ४१ सामने जिंकले.

न्यूयॉर्क राज्यातील क्लार्कसन विद्यापीठाने २०१४ मध्ये मिनेसोटाला ५–४ असे हरवून मध्य-पश्चिमेची मक्तेदारी मोडली. त्यावेळी मॅट व शॅनन डेरोझिए हे पती-पत्नी त्या संघाचे संयुक्त मुख्य प्रशिक्षक होते. शॅनन यांनी त्यानंतर पद सोडले. मॅट यांच्या एकट्याच्या मार्गदर्शनाखाली क्लार्कसनने २०१७ व २०१८ मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळविले.

मिलर यांच्या ड्यूलूथ संघाने २००८ व २०१० मध्येही विजय मिळविला होता. त्यानंतर एकट्या स्त्री-प्रशिक्षकाच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नेडीन मझरॉल यांच्या ओहायओ स्टेट विद्यापीठाने ड्यूलूथचा ३–२ असा पराभव केला. २०२४ मध्येही त्यांचाच संघ विजयी झाला. २००१ ते २०२५ या काळात, २०२० मधील साथीमुळे रद्द झालेली स्पर्धा वगळता, २४ अजिंक्यपदे दिली गेली. त्यांपैकी ९ स्त्री-प्रशिक्षकांच्या, १४ पुरुष-प्रशिक्षकांच्या आणि १ संयुक्त प्रशिक्षकांच्या संघाने मिळविले.

या आकड्यांवरून स्त्रियांची गुणवत्ता घटली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खेळाला प्रतिष्ठा, प्रेक्षक व पैसा लाभला, तेव्हा ख्यातनाम पुरुष खेळाडूंनाही ही पदे आकर्षक वाटू लागली. पुरुषांना महिला व पुरुष अशा दोन्ही संघांची दारे उघडी राहिली. पुरुषांच्या महाविद्यालयीन संघांकडे जाणारा मार्ग स्त्रियांना मात्र जवळजवळ बंदच होता. स्पर्धा खुली झाली, पण ती एकाच बाजूने.

गुरुपरंपरा : असे असले, तरी या क्षेत्रात स्त्रियांची एक गुरुपरंपरा निर्माण झाली आहे. ब्राउनमध्ये मर्फी यांच्या हाताखाली खेळलेल्या व १९९८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघात असलेल्या केटी किंग-क्राउली यांनी बॉस्टन कॉलेजमध्ये साहाय्यक म्हणून काम केले आणि २००७ मध्ये त्या तेथील मुख्य प्रशिक्षक झाल्या. हार्व्हर्डच्या ज्यूली चू यांनी २००७–०८ मध्ये ड्यूलूथ येथे मिलर यांच्या साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. पुढे माँट्रिऑलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाचा संघ त्यांच्याकडे आला व त्याने २०२२ आणि २०२४ ची कॅनडाची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. मझरॉल या हॅल्डर्सन यांच्या मिनेसोटा संघातील खेळाडू. त्याच विद्यापीठात साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर त्या २०१६ मध्ये ओहायओ स्टेटला गेल्या. बॉस्टन विद्यापीठाच्या माजी खेळाडू टेरा वॉचॉर्न २०२३ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. साहाय्यकाचे पद ही या विद्येची खरी पाठशाळा आहे, हे या सर्व उदाहरणांतून स्पष्ट होते. त्यामुळे साहाय्यकपदावर कोणाची नेमणूक होते, यावर पुढील पिढीतील मुख्य प्रशिक्षक कोण असतील हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

रचना व कार्ये : एनसीएएच्या पहिल्या श्रेणीतील संघात दीर्घकाळ एक मुख्य प्रशिक्षक, दोन वेतनी साहाय्यक आणि एक विनावेतन साहाय्यक अशी रचना होती. विनावेतन साहाय्यकाचे पद अनेक तरुण स्त्रियांना या व्यवसायाचे प्रवेशद्वार ठरले. परंतु इतर उत्पन्न असल्याखेरीज ते पतकरणे कोणालाही अवघड होते. १ जुलै २०२३ पासून हा वर्ग रद्द करण्यात आला व ते पद वेतनी प्रशिक्षकांत मोजण्यास मुभा मिळाली.

मुख्य प्रशिक्षकाकडे संघाचे एकूण धोरण, खेळाडूंची निवड, अंदाजपत्रक व विद्यापीठाशी व्यवहार ही कामे असतात. साहाय्यकांपैकी एकाकडे बहुधा आघाडीच्या व दुसऱ्याकडे बचावाच्या खेळाडूंचे शिक्षण सोपविलेले असते. गोलरक्षकाचे तंत्र इतरांहून अगदी निराळे असल्याने त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवण्याची प्रथा रूढ झाली आहे. याखेरीज शारीरिक क्षमता वाढविणारे शिक्षक, दुखापतींवर उपचार करणारे तज्ञ, चलत्‌चित्रांच्या आधारे खेळाचे विश्लेषण करणारे आणि प्रवास-निवासाची व्यवस्था पाहणारे कर्मचारी प्रशिक्षकवर्गाला साहाय्य करतात. धडक देण्यास मनाई असूनही महिलांच्या या खेळात डोक्याला मार बसून मेंदूला हिसका बसण्याचे प्रमाण बरेच आढळते. त्यामुळे जखमी खेळाडूला परत केव्हा उतरवावयाचे, हा निर्णय प्रशिक्षकाचा नसून वैद्यकीय तज्ञाचा मानला जातो.

हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चालतो. हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला वीस तास व दिवसाला चार तास यांपेक्षा अधिक सराव घेता येत नाही व आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावी लागते. खेळाडू या प्रथमतः विद्यार्थिनी आहेत, हे या नियमामागील तत्त्व होय. नव्या खेळाडू मिळविणे हे प्रशिक्षकवर्गाचे सर्वांत वेळखाऊ काम असते. त्यासाठी माध्यमिक शाळांचे व क्लबांचे सामने पाहत साहाय्यक प्रशिक्षक हजारो मैलांचा प्रवास करतात. पहिल्या श्रेणीतील संघाला दीर्घकाळ १८ शिष्यवृत्तींची मर्यादा होती. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तिच्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा ठेवण्याची पद्धत आली. हार्व्हर्ड, ब्राउन, कॉर्नेल इ. आयव्ही लीग विद्यापीठे क्रीडा-शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यामुळे तेथील प्रशिक्षकांना विद्यापीठाच्या शैक्षणिक लौकिकावर भिस्त ठेवावी लागते. मिलर यांनी ड्यूलूथ येथे यूरोपातील खेळाडू आणण्याचे धोरण स्वीकारले. स्वीडनच्या मारिया रूथ या त्यांच्या आरंभीच्या संघात होत्या; २००६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या स्वीडिश संघातही त्या होत्या. महाविद्यालयीन प्रशिक्षणाचा लाभ असा अन्य देशांच्या खेळालाही झाला.

सेवाशर्ती व न्यायालयीन निर्णय : प्रशिक्षकाची नोकरी बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर अवलंबून असते. संघावरील अन्यायाबद्दल तक्रार करणारा प्रशिक्षक त्यामुळे स्वतःच अडचणीत येण्याचा संभव असे. मुलींच्या बास्केटबॉल संघाला मिळणाऱ्या वागणुकीविषयी तक्रार केल्याने पद गमावलेल्या अलाबामातील रॉडरिक जॅक्सन या प्रशिक्षकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. लिंगभेदाविरुद्ध तक्रार केल्याबद्दल सूडबुद्धीने कारवाई झाल्यास प्रशिक्षकालाही टायटल नाइनखाली दाद मागता येते, असे न्यायालयाने ठरविले.

आइस हॉकीत हा प्रश्न शॅनन मिलर यांच्या प्रकरणामुळे ऐरणीवर आला. पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या मिलर यांचा करार पुढे चालू ठेवला जाणार नाही, असे विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केले. त्यासाठी आर्थिक कारण पुढे करण्यात आले. मिलर यांनी दावा दाखल केला. मार्च २०१८ मध्ये ज्यूरीने लिंगभेद व सूडबुद्धीची कारवाई हे दोन्ही आरोप मान्य करून त्यांना सुमारे ३७ लाख ४० हजार डॉलरची भरपाई देवविली. महिला संघाला मिळणाऱ्या साधनांविषयी बोलणाऱ्या प्रशिक्षकाला संरक्षण आहे, हे या निकालाने ठळकपणे दाखवून दिले. परंतु मिलर यांचे पद मात्र गेले ते गेलेच.

प्रशिक्षकाच्या अधिकाराची दुसरी बाजूही अलीकडे चर्चेत आली आहे. खेळाडूची संघातील जागा, खेळण्याचा वेळ व काही ठिकाणी शिष्यवृत्ती प्रशिक्षकाच्या मतावर अवलंबून असल्याने या अधिकाराच्या वापरावर देखरेख असणे अगत्याचे ठरते. पाचशेहून अधिक विजय मिळविणाऱ्या केटी स्टोन यांच्या कार्यपद्धतीविषयी माजी खेळाडूंच्या तक्रारी २०२३ मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या. विद्यापीठाने त्यांच्या संघाच्या कारभाराची पाहणी करविली व त्याच वर्षी स्टोन निवृत्त झाल्या. पुरुष प्रशिक्षकांना लावला जात नाही असा मापदंड आपणास लावण्यात आला, असे प्रतिपादन करून त्यांनी २०२४ मध्ये विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. खेळाडूंचे संरक्षण व प्रशिक्षकाला समान न्याय या दोन्ही मागण्या एकाच कायद्याच्या तत्त्वातून निघाल्या आहेत, हे येथे लक्षणीय आहे.

कॅनडा : कॅनडाच्या विद्यापीठांतील महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद १९९८ मध्ये सुरू झाले. पहिली दोन अजिंक्यपदे लेस लॉटन यांच्या कॉन्कॉर्डिया संघाने मिळविली. त्यानंतर हाउई ड्रेपर यांच्या आल्बर्टा विद्यापीठाने दीर्घकाळ वर्चस्व गाजविले. मॅगिल विद्यापीठात पीटर स्मिथ यांनी २००० पासून सुमारे दोन दशके काम केले. कॅनडाच्या राष्ट्रीय महिला संघाला २००२ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या डॅनिएल सोव्हाझो या व्यवसायाने पोलीस अधिकारी होत्या. माँट्रिऑल विद्यापीठाचा महिला संघ उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २००६ व २०१० च्या सुवर्णपदक विजेत्या कॅनेडियन संघांच्या प्रशिक्षक मेलडी डेव्हिडसन यांनी कॉर्नेल विद्यापीठातही काम केले होते. विद्यापीठीय व राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक अशा रीतीने एकमेकांच्या क्षेत्रांत ये-जा करीत असल्याने महाविद्यालयीन खेळाचा दर्जा उंचावण्यास मदत झाली.

मूल्यमापन : कॅनडाच्या कोरी शेव्हरी यांची २०१६ मध्ये टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठात पुरुष संघाच्या साहाय्यक प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली, कॅनडाच्या विद्यापीठीय पुरुष संघात पूर्णवेळ साहाय्यक झालेल्या त्या पहिल्या महिला होत. कॉर्नेलच्या महिला संघात खेळलेल्या जेसिका कँबेल यांना २०२४ मध्ये सिॲटल येथील व्यावसायिक पुरुष संघाने साहाय्यक प्रशिक्षक नेमले; राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये असे पूर्णवेळ पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुरुषांच्या बंद असलेल्या बाजूचे दार या नेमणुकांनी थोडे किलकिले झाले आहे.

एकाच पिढीच्या अवधीत पहाटेच्या बर्फावर, विनावेतन शिक्षकाच्या भरवशावर चालणारे क्लब जाऊन त्यांच्या जागी तीन-चार वेतनी प्रशिक्षक असलेले संघ आले, ही निःसंशय मोठी प्रगती होय. ती विद्यार्थिनींनी अर्ज करून, खटले लढवून व चिकाटी धरून घडवून आणली. क्रीडांगणात उतरणाऱ्या स्त्रियांच्या संख्येत झालेली वाढ हे या प्रगतीचे एक मोजमाप आहे. बाकामागे उभे राहून निर्णय घेणाऱ्यांमध्ये त्यांचा वाटा किती, हे दुसरे. आणि या दोहोंतील अंतर अद्याप भरून निघालेले नाही.